दुमडलेला कोपरा

प्रिय ठकू,

पत्र पाहून तू आधी घाबरशील. दादा फोन करायचं सोडून पत्र लिहितो म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय. तब्येत ठणठणीत आहे माझी. पण मला लाज वाटते आहे, आणि फोनवर सांगायला गेलो तर तू नेहमीसारखी मध्येच "जाऊ दे रे" म्हणशील. हे जाऊ द्यायचं नाही. सगळं वाचून झालं की माझ्याशी बोलायचं की नाही, ते ठरव.

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा तुझी बारावी नुकतीच झाली होती आणि मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आई नव्हती. घरी कुणी थांबायचं यावर बोलणंसुद्धा झालं नाही. मी बॅग भरून वसतिगृहात परत गेलो आणि तू थांबलीस. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, भरवायचं आणि मधल्या वेळात औषधांच्या फळीला पुस्तक टेकवून वाचायचं. अशी सात वर्षं. पदवीची परीक्षा तू बाहेरून दिलीस, वर ग्रंथालयशास्त्राचीही दिलीस. निकाल आला त्या दिवशी मी पाहुण्यांसमोर म्हणालो होतो, "पोस्टाने आली ना पदवी? तिकीट तरी पुरेसं लावलं होतं का?" सगळे हसले. तूही हसलीस. बाबा हसले नाहीत. मला वाटलं, त्यांना नीट हसता येत नाही म्हणून.

मी कॉलेजचा ग्रंथपाल. पुस्तकाचं पान दुमडलेलं सापडलं तर पोरांना अर्धा तास सुनावणारा खडूस, अशी माझी ख्याती. पण नोकरीचे अर्ज चाळताना मी स्वतः कोपरे दुमडत आलो. नियमित कॉलेजात शिकलेल्यांचे अर्ज सरळ. बाहेरून पदवी घेतलेल्यांचा वरचा उजवा कोपरा दुमडलेला. हे कुठल्या नियमात नाही, पण निवड समितीत सगळ्यांना ठाऊक आहे. दुमडलेला अर्ज कुणी वाचत नाही.

सहा वर्षांपूर्वी साहाय्यकाच्या जागेसाठी आलेल्या गठ्ठ्यात तुझं अक्षर दिसलं. तू मला काही सांगितलं नव्हतंस. मी पदवीचा रकाना पाहिला आणि कोपरा दुमडला. मनाशी म्हटलं, बहिणीला चिकटवलं तर लोक तोंडात शेण घालतील. खरं कारण ते नव्हतं, ठकू. माझ्या शेजारच्या टेबलावर मला पोस्टाची पदवी नको होती. माझ्या पदवीची किंमत कमी होईल, असं वाटलं मला. ज्याला घेतलं तो कामाला चांगला निघाला, त्यामुळे पुन्हा तो विषय मनात आणायची वेळच आली नाही. पुढे तू जेवायला आलीस तेव्हा म्हणालीस, "माझा एक अर्ज कुठेतरी गहाळ झाला वाटतं." मी भाजी वाढत "होतं असं कधीकधी" म्हणालो. तू अजून त्या दवाखान्यात लोकांचे जुने केसपेपर शोधून देतेस, आणि डॉक्टरीणबाई सांगतात की एकही कागद हरवत नाही.

परवा जुन्या फायली रद्दीत काढताना तुझा अर्ज हाती लागला. या खेपेला शेवटपर्यंत वाचला. दुसऱ्या पानाच्या तळाशी तू लिहिलं होतंस: "या ग्रंथालयाचे ग्रंथपाल माझे सख्खे भाऊ आहेत. त्यांची अडचण होऊ नये म्हणून माझा अर्ज दुसऱ्या कुणी तपासावा, ही विनंती." मी पान उलटलंच नव्हतं. तो साहाय्यक आता दुसरीकडे गेला, जागा पुन्हा निघाली आहे आणि वयाच्या अटीत तू एवढ्या वर्षापुरतीच बसतेस. प्राचार्यांना मी सगळं सांगितलं आणि निवडीतून बाजूला झालो. सोबत तुझा जुना अर्ज आणि एक कोरा अर्ज पाठवतोय. जुन्याचा कोपरा जाड शब्दकोशाखाली दोन दिवस दाबून ठेवला होता, पण घडी जात नाही. नवा भरायचा की फाडायचा, ते तुझ्या हातात. भरलास, तर मागच्यासारखंच मला सांगू नकोस.

तुझाच, अजून म्हणवून घेता येत असेल तर,
दादा