काकडीला दाखवलेलं बोट

आई, माझ्या गॅलरीत काकडी लागली आहे. तू असतीस तर हसली असतीस. तुझ्या हाताखाली अख्खा मळा होता आणि माझ्याकडे चौथ्या मजल्यावरच्या दोन कुंड्या. निम्मी माती, निम्मं शेणखत घातलं, भिजवलेलं बी टोचलं आणि वेल वर आल्यावर गॅलरीच्या गजांना सुतळी बांधून दिली. महिनाभरात पिवळी फुलं आली. तेव्हा माझा हात आपोआप पुढे गेला आणि ज्या फुलांमागे इवलीशी काकडी नव्हती, ती सगळी मी खुडून टाकली. रोज सकाळी हेच करत होते. उरलेल्या फुलांमागच्या काकड्या मात्र करंगळीएवढ्या होऊन पिवळ्या पडायच्या आणि गळायच्या. शेवटी रोपवाटिकेतल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, ती नरफुलं असतात. तीच तोडली तर काकडी धरणार कशी? आणि एवढ्या वर मधमाशी कुठून यायची? तुम्हीच नरफूल घ्या आणि दुसऱ्या फुलाला हलकं टेकवा." मी बरं म्हटलं, खताची पिशवी उचलली आणि रिक्षात बसल्यावर मला रडू कोसळलं. बिचाऱ्या रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं.

मी आठ वर्षांची आहे. विहिरीच्या बांधावर तुझे दहा-बारा काकडीचे वेल आहेत. बाकीचा मळा घरचा, पण हे वेल तुझे एकटीचे. मी तुला विचारते, या फुलाला काकडी का नाही? तू वाफ्यात वाकलेली, मागे न बघता म्हणतेस, "वांझोटी हायेत ती. नुसती मिरवायला." एवढंच. तोडायला तू सांगितलं नव्हतंस. पण मला तुझी मदत करायची होती, म्हणून शाळेतून आले की मी परकराच्या ओच्यात ती फुलं गोळा करायचे आणि काकूच्या ओट्यावर भातुकली मांडायचे. काकू, तुझी धाकटी जाऊ. लग्नाला बारा वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं, आणि माझी वेणी रोज तीच घालायची, कारण तुला सकाळी बाजाराची घाई. ती केस विंचरताना इतकी हळू ओढायची की मला पेंग यायची.

त्याच आठवड्यात एकदा ती पाणी न्यायला विहिरीवर आली आणि तिनं वेलाकडे सरळ बोट केलं. "अगं बाई, किती लागल्यात! ही बघ, ही बघ, ही पन!" कोवळ्या काकडीला बोट दाखवलं की ती सडते, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत. दाखवायचंच झालं तर बोट वाकवून दाखवायचं. आनंदाच्या भरात ती विसरली. चार दिवसांत बांधावरची एकूण एक कोवळी काकडी पिवळी पडली. आणि तू अंगणात, सगळ्यांच्या देखत तिला म्हणालीस, "जिची स्वतःची कूस उजवली नाय, तिनं दुसऱ्याच्या वेलाला बोट दावू नये." काकूनं हातातली कळशी खाली ठेवली आणि ती घरात गेली. त्या दिवसापासून ती विहिरीच्या अलीकडेच थांबायची आणि माझी वेणी तू घालायला लागलीस, घाईघाईनं, करकचून. तिच्या ओट्यावरची माझी भातुकली मोडली आणि फुलं तोडणंही.

आई, तू दुष्ट नव्हतीस. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या काकड्या आल्या तेव्हा तू एकेकीचं टोक कापलंस, फेस येईपर्यंत चोळलंस, जिभेला लावून बघितलंस आणि त्यातल्या गोड निघालेल्या पाटीत घालून मला दिल्यास. "तिच्या दारात ठिवून ये. कुनी दिल्या सांगू नको." काकूनं पाटी रिकामी परत पाठवली नाही. कोशिंबिरीपुरते शेंगदाणे घालून पाठवली. दर उन्हाळ्यात पाटी जायची आणि यायची. पण तुम्ही दोघी शेवटपर्यंत एकमेकींशी धड बोलला नाहीत. तुला जाऊन बावीस वर्षं झाली आणि मला आत्ता कळलं, की त्या काकड्या मी मारल्या होत्या.

काकू आता सिन्नरला तिच्या भाच्याकडे असते. मी फोन करून तिला बोलावलं. ती एसटीनं आली, चहा प्यायली आणि मी तिला वेल दाखवायला नेलं. तू बघायला हवं होतंस. या वयातही ती गॅलरीच्या दारात थांबली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. मला राहवलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, फुलं, नरफुलं, परकराचा ओचा.

"ठाऊक हाय मला," काकू म्हणाली. "माझ्याच वट्यावर तर मांडायचीस. ढीगभर फुलं."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तिनं तुला सोलून काढलं असतं. मला बोलली ते बोलली. तू लय बारीक व्हतीस गं."

मी तिचा हात पदराबाहेर काढला. ती नको नको म्हणत होती, मूठ आवळत होती, पण मी एकेक बोट सोडवलं, तर्जनी सरळ केली आणि सगळ्यात कोवळ्या काकडीवर नेऊन धरली. त्या काकडीला आदल्या दिवशीच मी नरफूल टेकवलं होतं. म्हटलं, दाखव. हवं तितकं दाखव, काही होत नसतं. ती आधी घाबरून हसली, मग खरंच हसली. दुपारी माझ्या पिकल्या केसांची तिनं वेणी घातली, तशीच, हळू.

हे पत्र तुझ्या जुन्या पाटीत ठेवते आहे, आता तिच्यात मी कांदे ठेवते. फक्त एक गोष्ट तुला सांगायची राहिली. काकूला मी इतकं ठामपणे सांगितलं खरं, पण दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या, ती अजून झोपलेली असताना, चहाही न ठेवता मी आधी गॅलरीत धावले, ती काकडी पिवळी तर पडली नाही ना बघायला.