डायमंड घोडा कुणाकडे जावा, याबाबत

देवाला स्मरून मी, थॉमसिन ऑर्ड, दिवंगत कथबर्ट ऑर्ड यांची विधवा, राहणार हॅगसाइड, परगणा डरहॅम, लिहून ठेवते की, खोकल्याने माझे शरीर खंगले असले तरी डोके ठिकाणावर आहे आणि हे मी कोणाच्या दडपणाखाली करत नाही. मला लिहिता येत नाही, म्हणून चर्चचे कारकून फेनविक मास्तर लिहीत आहेत. मी बोलेन ते सगळे उतरवायचे, असे त्यांना बजावले आहे. आज सकाळपासून पाऊस लागून राहिला आहे आणि माझा मुलगा गॅवेन कोळशाचा गाडा घेऊन उतारावर गेला आहे, हेही लिहा म्हटले. मास्तर म्हणाले, "बाई, याचा मृत्युपत्राशी काय संबंध?" आहे संबंध. लिहा.

कलम १. राहते घर खाणमालकाचे आहे, ते देण्याचा प्रश्नच येत नाही. पलंग, तांब्याचे पातेले आणि कोंबड्या माझी मुलगी ॲलिसन हिला द्याव्यात. लाल कोंबडी अंडी लपवते, ती चुलीमागे शोधावीत.

कलम २. माझी काळी शाल शेजारीण मार्जरी ट्यूलिप हिला द्यावी. कथबर्ट गेला तेव्हा "प्यायला असेल" असे ही बाई नदीवरच्या धक्क्यापर्यंत सांगत फिरली. तो थेंबही प्यायला नव्हता. माझ्या दफनाला येताना तिने तीच शाल पांघरावी आणि तोंड बंद ठेवावे. ती साक्षीला सही करायला मघाशी आलीच होती. पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार, त्याला साक्षीदार होता येत नाही आणि झाला तर त्याचा वाटा जातो, असे मास्तर म्हणाले. तेव्हा तिने साक्ष सोडून शाल पत्करली आणि दाराशी जाऊन बसली. साक्षी दोन लागतात. एक मास्तरांची, दुसरीला लोहार येणार होता, तो पावसामुळे अजून आलेला नाही.

कलम ३. माझा काळा घोडा डायमंड ॲलिसनला द्यावा. तिच्या सासरी शेत आहे, तिथे तो नांगर ओढील. गॅवेनला बापाची सुतारकामाची पेटी द्यावी. गाडे घडवणारा जॉन हेडली त्याला कधीपासून हाताखाली बोलावतो आहे. इथे ज्याच्यापाशी घोडा, त्यालाच गाडा मिळतो. घोडा नसला की पोरगा उतारावरून सुटेल, एवढाच माझा हेतू.

हा हेतू का, तेही लिहा. आमचे रूळ लाकडाचे, गाड्याची चाके लाकडाची. पाऊस पडला की दोन्ही साबणासारखी गुळगुळीत होतात. सपाटीवर घोडा पुढे ओढतो. उतार लागला की त्याला सोडून गाड्याच्या मागे बांधायचे, आणि गाडेवानाने चाकावरच्या दांड्यावर बूड टेकून आपल्या वजनाने गाडा रोखत न्यायचा. कथबर्ट गेला त्या दिवशी नदीत जहाज खोळंबले होते आणि धक्क्यावरचा मुकादम आरडाओरडा करत होता. त्याने घाईत घोडा सोडला नाही. गाडा घोड्यावरही गेला आणि कथबर्टवरही. मुकादम भेटायलासुद्धा आला नाही. त्याला या घरातून काहीही देऊ नये, चहाही नाही.

डायमंडला मी त्यानंतर शिंगरू असताना आणले आणि स्वतः शिकवले. उताराच्या तोंडाशी तो आपला आपण थांबतो. मागे नेऊन बांधल्याशिवाय पाऊल टाकत नाही. बाकीचे गाडेवान त्याला "म्हातारीचा घोडा" म्हणून हसतात. हसू देत.

कलम ४. कलम ३ मधली घोड्याची गोष्ट रद्द. कारण सकाळी निघताना गॅवेन जे म्हणाला ते मनातून जात नाही, "आई, डायमंड ताईला दिलास तर मी मुकादमाचा घोडा भाड्याने घेईन."

"तो लाथाळ? अरे, तो उतारावर उभा तरी राहतो का?"

"मग तूच ठरव."

आता काय ठरवू? घोडा दिला तर हा उतारावर राहणार, नाही दिला तर दुसऱ्याच्या लाथाळ जनावरासकट राहणार. माझा जीव नुसता टांगणीला. तेव्हा डायमंड गॅवेनलाच द्यावा, मात्र अटी अशा की, रुळांवर राख टाकल्याशिवाय गाडा सोडू नये, आणि पावसात

मास्तर, थांबा. आवाज ऐकू येतोय का तुम्हाला? गाड्यांचा गडगडाट थांबला. या घरात तो दिवसभर चालू असतो. मास्तर म्हणतात जेवायला थांबले असतील. सगळे एकदम कधी थांबत नाहीत. त्या दिवशीही असाच थांबला होता. देवा, माझ्या पोराला सांभाळ. हेही लिहा.

गॅवेन आला. चालत आला, बरोबर डायमंड. त्याचा हात कोपरापर्यंत सोलवटला आहे.

"वळणावर दांडा मोडला, आई. गाडा खाली जाऊन फुटला. कुणाला लागलं नाही."

"आणि तू उडी नाही मारलीस लगेच?"

"डायमंड मागे बांधला होता ना! दोर कापल्याशिवाय कशी मारू?"

"मेल्या, घोड्यापायी जीव देत होतास? माझा तरी विचार करायचास!"

मग तो रडला. एवढा बाप्या रडला. म्हणाला, "दोर ताणला गेला तेव्हा तो माझ्याकडे बघत होता, गं. मी नाही त्याला परत त्या गाड्याला बांधणार."

"आणि मुकादमाचा घोडा बांधशील?"

"तोही घोडाच ना, आई."

मास्तरांनी विचारले, आता कुठले कलम धरायचे? मी उत्तर देण्याआधी गॅवेनने विचारले, "दुसरा साक्षीदार आला का?"

"लोहार नाही आला अजून," मास्तर म्हणाले.

"मग मी करतो."

"अरे, तू साक्षीदार झालास तर तुला यातलं काही मिळायचं नाही. घोडा नाही, पेटी नाही," मास्तरांनी बजावले.

"मार्जरीकाकूंनी दारातच सांगितलं मला. कुठे करू खूण?"

कलम ५. कलम ४ रद्द. डायमंड ॲलिसनचा. सुतारकामाची पेटी मी आत्ता, जिवंतपणी, गॅवेनच्या मांडीवर ठेवली आहे. ती या मृत्युपत्रात धरू नये. रूळ दुरुस्त करायला सुतारालाही त्याच उतारावर जावे लागते, हे मला कळते. तेव्हा माझी काळजी संपली असे कोणी समजू नये.

हे मला वाचून दाखवले, ते माझेच बोलणे आहे.

थॉमसिन ऑर्ड, तिची खूण ×

साक्षीदार पहिला : रोलंड फेनविक, चर्चचे कारकून.

साक्षीदार दुसरा : गॅवेन ऑर्ड, त्याची खूण ×. धंदा गाडेवान, हा शब्द त्याच्या सांगण्यावरून खोडला. सुतार. कागदावरचा काळा-लाल डाग त्याच्या हाताचा आहे, तो पुसू नये.

मुक्काम हॅगसाइड, ता. ११ मार्च १७५६. पाऊस चालू.