तुमच्या कथेतली हडळ

बाबा,

चिडले आहे म्हणून लिहिते आहे. तुम्ही गेल्याला वर्ष होतंय आणि तुमच्या भयकथांचा संग्रह निघतोय. प्रस्तावना मी लिहायची आहे. प्रकाशकांनी विषयही सांगितलाय: माणसातल्या चांगल्या-वाईटाचा शोध घेणारा लेखक. तीन आठवडे कागद कोराच आहे.

'भूत बाहेर नसतं, आपल्या आतच असतं,' असं तुम्ही पनवेलच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगायचात. मग आपटा गावातल्या नदीकाठच्या बंगल्याची ती कथा काय होती? त्यातला पुण्याचा प्राध्यापक म्हणजे सद्गुणांचा पुतळा. आणि सगळं वाईट त्या हडळीत. ती यायच्या आधी सुक्या मासळीचा वास यायचा, ती उरणकडचं बोलायची आणि मीठ-मिरच्या ओवाळून माणसाला वश करायची.

आई उरणची, कोळ्यांची. तुम्हाला ताप आला की मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढणारी तीच. तिच्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण तुम्ही बोटं चाटून खायचात. तिचं तुम्ही हे केलंत? लाज कशी वाटली नाही?

आणि मी. सातवीत होते. ती कथा छापलेला दिवाळी अंक आला, नवीन पनवेलच्या आपल्या फ्लॅटमध्ये बिल्डिंगमधली मंडळी फराळाला जमली होती. तुम्ही म्हणालात, 'वाच गं, सगळ्यांना ऐकव.' हडळीसाठी मी आईचा आवाज काढला. हुबेहूब. सगळे हसले, तुम्ही तर डोळे पुसत हसलात. चकल्यांचं ताट घेऊन उभी असलेली आईही हसली. मला वाटलं, तिला आवडलं.

त्यानंतर आपल्या घरात सुकी मासळी शिजली नाही. आई तुमच्यासारखं बोलू लागली, एकेक शब्द चाचपत. माहेरचं कुणी आलं की आधी खिडक्या उघडायची. तुमच्या लक्षात आलं नाही, असं सांगू नका. लेखक होतात तुम्ही. एकदा तरी 'चुकलो' म्हणायला काय झालं होतं? मीही म्हटलं नाही, हे कळतंय मला. तुमच्यावर चिडायला जाते आणि निम्मा राग माझ्याच अंगावर येतो.

काल शेवटी तिला म्हटलं, 'आई, ती कथा मी पुस्तकातून काढून टाकते.'

ती मटार सोलत होती. कितीतरी वर्षांनी माझ्याशी तिच्या बोलीत बोलली. 'काढू नको. गोष्ट चांगली हाय. पन ती बाय मी हाय, असा लिव. आनि ज्या पोरीनं वाचून दाखवली, तिचा नाव पन लिव.'

एवढं बोलून ती परत मटार सोलायला लागली. मला तिच्याकडे बघवेना.

बाबा, दोन्ही लिहीन. तुमच्या कथेतला एक शब्दही बदलणार नाही, जशी लिहिलीत तशी लोकांना वाचू दे. पण त्या कथेच्या पुढची चार पानं आईबद्दलची असतील, आणि आई हो म्हणेपर्यंत पुस्तक छापायला जाणार नाही. हा शब्द तुम्हाला नाही, तिला दिलाय. तुम्हाला फक्त कळवते आहे.

तुमचीच, नाइलाजाने,
मेघना