मापं घेणारी बाई

३ मार्च
सांगितलं! नर्सबाईंनी अखेर तोंड उघडलं. मी जन्मले त्या प्रसूतिगृहात तेव्हा त्याच होत्या. "शिवणकाम करणारी पोर होती गं ती. लग्न झालेलं नव्हतं. आता बाजारामागे दुकान आहे तिचं." एवढंच.
आईला काही बोलले नाही. मी दत्तक आहे हे तिनंच मला लहानपणी सांगितलंय. शोधतेय, हे मात्र तिला माहीत नाही.

५ मार्च
दुकानासमोरून ड्रायव्हिंग स्कूलची गाडी नेली. स्टिअरिंगवर माझ्याकडे गाडी शिकणारे काका. "मॅडम, परत इथूनच?" म्हटलं, हे वळण पक्कं करा! मी त्यांना धीर देणारी— आणि माझीच नजर दुकानावरून हटत नव्हती.

९ मार्च
गेले. चांगली पँट नेली, सांगितलं कंबर सैल होते. खोटं!
पन्नाशीची. चष्मा कपाळावर, ओठांत टाचण्या. टेप कमरेभोवती फिरवली. तिचा हात लागला आणि मी श्वासच रोखला.
"पोट आत नको घेऊस. उद्या मलाच शिव्या घालशील!"
हसले. डोळे भरून आले. खडू डाव्या हातात होता तिच्या. मीही डावखुरी!

१० मार्च
कानाच्या पाळ्याही तशाच. आरशासमोरून हलवेना.

१४ मार्च
आईनं पकडलंच. "चांगल्या पँट्स एकेक करून आवळून आणतेस. कोण आहे तिथं?"
तिचं भाजी चिरणं थांबलं.
"सापडली ना ती?"
मान हलवली. बराच वेळ ती सुरीच पुसत राहिली. मग म्हणाली, "तिला सांगितलंस?"
"नाही."
"सांग मग. असं चोरून काय बघायचं कुणाला!"
आत गेली, दार लावलं. हुंदके ऐकू आले. दार ढकलायची हिंमत झाली नाही माझी.

१५ मार्च
आई बोलत नाही. डबा मात्र भरून ठेवलेला.

१७ मार्च
सांगून टाकलं. दुकानात आम्ही दोघीच. "तुम्ही त्या प्रसूतिगृहात बाळ सोडून गेलात ना... ते मी."
मशीन थांबलं. तिनं शटर अर्धं ओढलं. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला— काय मायेनं बघत होती! मग हात खाली आले.
"कुणी सांगितलं तुला? मला मुलगा झाला होता गं."
मुलगा! नर्सबाईंनी भलतीच बाई सांगितली. आणि हात काय, कान काय— बाकीचं सगळं मीच जुळवत बसले.
घरी आले. आईनं चेहरा पाहिला. जवळ घेतलं. लहान मुलीसारखी रडले.

२१ मार्च
पत्ता विचारत विचारत दुकानातली ती आज आमच्या दारात! आईनं बसवलं, पाणी दिलं. ग्लास हातात तसाच. म्हणाली, "इतकी वर्षं धीर नाही झाला. तू माझ्यापर्यंत पोचलीस... माझ्या मुलाला शोधशील?"
मी आईकडे पाहिलं. ती चपला घालत होती. "गाडी काढ," म्हणाली. "आधी त्या नर्सबाईंकडे जाऊ. आपण तिघी."