समोरची कड

जामखेड, शुक्रवार

प्रिय रेश्मा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहोत. फोन आधी जावईबापू गोरक्षराव उचलतात आणि तुझ्याशी बोलणं दोन मिनिटांत आटपतं, म्हणून राजूरच्या तुझ्या शाळेच्या पत्त्यावर लिहितोय.

वर्कशॉप मी आता सकाळपुरतंच उघडतो, डोळ्यांना ठिणग्या सोसत नाहीत. गेल्या महिन्यात खर्ड्याहून वैजनाथराव म्हणून एक गृहस्थ आले, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांना नाणी मांडायला लोखंडी चौकट हवी होती. चौकट झाली तरी ते येऊन बसायचे. टांकसाळीत बनतानाच चुकलेली नाणी ते जमवतात. मला वाटायचं, बिघडलेलं ते बिघडलेलं, त्यात बघायचं काय? त्यांनी हातात भिंग दिलं. नाण्यावरची रेघ वर उठलेली असेल, तर टांकसाळीच्या ठशालाच तडा गेलेला; ते नाणं जपायचं. आत गेलेली असेल, तर नुसता ओरखडा, त्याला किंमत नाही. हातोड्याचा घाव तर मी लगेच ओळखायला लागलो. आयुष्यभर दुसरं केलंय काय?

एक दिवस त्यांनी कडेला चावा घेतल्यासारखा एक रुपया काढला. मी हसलो आणि तुझी ती गोष्ट सांगितली, पाहुण्यांत नेहमी सांगतो ती. सहावीत असताना तू असाच रुपया आणला होतास. दगडाबाईच्या दुकानात सुट्ट्या पैशांत असाच मिळाला, म्हणालीस. मी तो ग्राइंडरवर घासलेला ठरवला. "माझ्या मशीनला हात लावतीस आन् वर खोटं बोलतीस?" म्हणत गिऱ्हाइकांसमोर तुझ्या कानाखाली वाजवली. तू रडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "अण्णा, म्या न्हाई केलं."

वैजनाथराव हसले नाहीत. "समोरची कड बघितली हुती का?" त्यांनी विचारलं.

मग समजावून सांगितलं. पत्र्यातून चकत्या कापताना एखादी आधीच्या भोकावर सरकली, की तिच्यात तेवढा तुकडा कमी पडतो. अशा चकतीवर ठसा मारला, की त्या चाव्याच्या बरोबर समोरची कड नीट उठत नाही, पुसट राहते. "घासणारा एक बाजू खाईल, मिस्त्री. दुसरी अशी पुसट कशी करंल?"

तुझा रुपया मी नट-वायसरच्या डब्यात फेकला होता. ते गेल्यावर डबा जमिनीवर ओतला. सापडला. समोरची कड विझल्यासारखी होती, भिंगसुद्धा लागलं नाही. आणि घासल्याचा एक चरा नव्हता कुठं. ग्राइंडरवर जन्म काढलेला मी. त्या दिवशी ते नाणं नुसतं उजेडात धरलं असतं, तरी मला कळलं असतं. मी धरलंच नाही.

एका रुपयाचं काय एवढं, असं म्हणून सुटायचा प्रयत्न मी दोन दिवस केला. पण त्या थपडेनंतर घरात तुझं नाव थापाडी पडलं, आणि ते मी पाडलं. तू काहीही सांगितलंस, की आम्ही त्यातलं निम्मं वजा करून ऐकायचो.

दिवाळीला तू आलीस तेव्हा तुझं मनगट काळंनिळं होतं. स्वयंपाकघरात आईला सांगत होतीस, गोरक्षनं ढकललं, आणि हे पहिल्यांदा नाही. मी दारातून ऐकलं आणि म्हणालो, "तुला ल्हानपनापासून वाढवून सांगायची खोडच हाय." तू ओढणीनं मनगट झाकलंस. दुसऱ्या दिवशी मीच तुला एसटीत बसवून दिलं. तू खिडकीतून माझ्याकडं बघितलं नाहीस. मला वाटलं, रुसलीस.

त्या थपडेची माफी मागून मोकळं होता येणार नाही, ते मला कळतं. हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे. पुढच्या शुक्रवारी सकाळच्या गाडीनं मी आणि तुझी आई राजूरला तुझ्या शाळेत येतोय. खरं काय, कधीपासून, कशावरून, असलं एक अक्षर विचारणार नाही. आमच्यासोबत घरी यायचं असेल तर तुझे कपडे आणि नोकरीचे कागद एका पिशवीत घालून शाळेतच ठेव. यायचं नसेल तर तू म्हणशील तसं. तू सांगितलंस, म्हणजे ते घडलंय. हे त्या दिवशी दारात उभं राहून म्हणायला पाहिजे होतं, पोरी.

तुझाच,
अण्णा