तपासणीपुरतं जाकीट

हळ्ळीखेड (बी),
शनिवार

आदरणीय रत्नपाल दाजींना,

नागनाथचा एका हातानं जयभीम. (दुसरा हात गळ्यात बांधलाय. कामून, ते पुढं येतंच.) पंचशीला आक्काचे गुडघे कसे आहेत? तुमची ऑफिसातली खुर्ची बदलून मिळाली का? कंबरेकडं बघा दाजी, बसून बसून माणूस कामातून जातो. तुम्ही मला फोन लावून लावून दमला असाल. फोन विहिरीत आहे. मीबी तिथंच होतो, पण मला वर काढलं. म्हणून या जमान्यात कागदावर लिहायलोय, आणि चिठ्ठी कलबुर्गीच्या बस ड्रायव्हरच्या हाती देतोय, उद्या तुम्हाला मिळंल. अक्षर वाकडं आलं तर कागद गुडघ्यावर आहे असं समजा.

तुमच्या संस्थेचा तो अहवाल पोचला, ‘मजुरांची सुरक्षा आणि माशांचं भविष्य’. मुखपृष्ठावर ते पाण्यात तरंगवणारं नारंगी जाकीट घालून मीच! आक्कानं तो फोटो सगळ्या पाव्हण्यांना पाठवला, आणि कोहिनूर गावच्या मावशीनं तर मला सरकारी नोकरी लागली असं समजून पेढे मागितले. (फोटोत मी हसायलोय ते आनंदानं न्हाई. जाकिटाचा पट्टा काखेत गुदगुल्या करायलता.) तुम्ही दिलेली जाकिटं आमच्या तळ्यावर आहेत, व्हय, एकबी हरवलेलं न्हाई. तळ्याचा ठेका ज्याच्याकडं आहे त्या जगदेवप्पा सावकारानं ती शेडात कुलपात ठेवलीत. रोज वापरली तर उन्हानं रंग उडतो आणि रंग उडालेली जाकिटं तपासणीला बरी दिसत न्हाईत, असं त्याचं म्हणणं. तर तपासणी असली की घालायची, आणि साहेबांची गाडी वळणाआड गेली की काढून, पुसून, घडी घालून परत प्लॅस्टिकात. गेल्या खेपेला तुमच्या साहेबांनी आम्हाला विचारलं, काही अडचण? सावकार साहेबांच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. आम्ही सगळ्यांनी मिळून ‘काही न्हाई’ म्हटलं, आणि ते तुम्ही मोठ्या अक्षरात छापलंत.

आता माशांचं भविष्य. पावसाळ्याच्या तोंडाला मासे अंडी घालतात म्हणून दोन महिने जाळं टाकायचं न्हाई, हा नियम तुमच्या साहेबांनीच आम्हाला चित्रं दाखवून शिकवला. सावकारानं तो मनावर घेतला. त्यानं मासेमारी बंद केली आणि मासेमोजणी चालू केली. मोजणी म्हणजे काय, तर मच्छरदाणीसारखं बारीक जाळं टाकायचं, बोटाएवढ्या पिल्लापासून पोट फुगलेल्या मादीपर्यंत सगळं वर काढायचं आणि मोजायचं. मोजलेला मासा परत पाण्यात सोडला तर तो दुसऱ्यांदा मोजला जाईल आणि तुमच्या संस्थेचा हिशेब चुकेल, म्हणून तो सरळ बर्फात आणि बर्फातून हैदराबादला. तिथल्या मोठ्या हॉटेलांना म्हणे ‘जबाबदारीनं पकडलेला’ मासा पाहिजे असतो, आणि तसं सर्टिफिकेट तुमची संस्था देते. त्या भरल्या पोटाच्या माद्या हातात धरताना मला लाज वाटते, दाजी. पुढच्या साली आम्ही काय बेडूक मोजायचे?

अशाच एका मोजणीत माझीच मोजणी व्हायची थोडक्यात राहिली. तुम्हाला माहीत आहे, आमचं शेत या तळ्याखाली गेलं. ज्या रानात आप्पांनी तूर घेतली त्याच रानावर मी आता थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून मासे धरतो, आणि माझा जोडीदार ईरण्णा बांबूनं तराफा ढकलतो. आम्हा दोघांनाबी पोहता येत न्हाई. (आम्ही शेतकऱ्याची पोरं. बांधावर पोहायचं कुठं?) सध्या पाणी खाली गेलंय. जाळं कशात तरी अडकलं, तसं मी म्हटलं, थांब, हे आपलंच रान आहे, मी उतरतो. उतरलो तर पाणी कंबरेएवढं. मग काय, माझी छातीच फुगली! चिखलातून रुबाबात चालत ईरण्णाला दाखवायलो, बघ, हितं आमचा गोठा, हितं आमची चिंच, आणि हितं आमची विहीर, असं म्हणायलो आणि विहिरीत गेलो.

(लहानपणी आप्पांनी तिच्यात कधी पोहायला उतरू दिलं न्हाई.) तिला कठडा राहिलेला न्हाई हे माझ्या डोक्यातूनच गेलं. शेत बुडायच्या आधी आम्हीच तो उपटला आणि दगड नव्या घराच्या पायरीला लावले. त्या पायरीवर आता रोज आमची कारभारीण अंजू भाकरी घेऊन बसते. आत किती वेळ होतो ते मला सांगता येणार न्हाई. ईरण्णानं बांबू खाली घातला, मी धरला, त्यानं ओढला. वर येताना हात विहिरीच्या काठावर आपटला आणि मोडला. ईरण्णा मला तराफ्यावर घेऊन लहान लेकरागत रडायला लागला, आणि मी त्याला म्हणायलो, अरे जाळं बघ आधी, जाळं.

सावकार दवाखान्यात आला, केळी घेऊन आला, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, जाकीट असतं तर एवढं झालं नसतं. तो म्हणाला, नव्हतं तेच बरं झालं, चिखलानं खराब झालं असतं. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, नागनाथ, काम तराफ्यावरचं आहे. तू खाली उतरलास ते तुझं खासगी. आणि विहीर तर तुझ्याच बापाची! संताप असा आला की केळी तोंडावर फेकून मारावीत, पण एका हातानं ती सोलायचीबी पंचाईत, फेकणार कशी. नंतर ईरण्णानं सोलून दिली, आम्ही खाल्ली.

जाता जाता सावकार असंबी म्हणाला की सोमवारपर्यंत माझ्या जागेवर माणूस दिसला न्हाई, तर तो बाहेरून गडी आणणार. बाहेरचा एकदा बसला की उठत न्हाई. हे ऐकून अंजू म्हणाली, मी जाते. मी ओरडलो, आईची शपथ घातली, जेवलो न्हाई. तिनं माझं ताट झाकून ठेवलं आणि साडीवर घालायला माझा जुना शर्ट धुऊन टाकला. अंजूचं माहेर मंठाळ. घागरीपेक्षा खोल पाणी तिनं आयुष्यात बघितलेलं न्हाई. सोमवारपासून ती तराफ्यावर बसणार, आणि मी पायरीवर. मला लई भ्या वाटायलंय, दाजी.

बाकी सगळं ठीक. आक्काला जयभीम, लेकरांना गालगुच्चे, आणि कंबरेला जपा.

तुमचा,
नागनाथ

ता. क. वर लिहिलेलं खरं आहे, पण तपासणीला तुम्ही स्वतः आलात तरी मला चारचौघांत विचारू नका. मी ‘काही अडचण न्हाई’ असंच म्हणणार. हसूनबी दाखवीन.

ता. क. २. सर्टिफिकेट अडवू नका. ते अडलं की हैदराबादचं गिऱ्हाईक तुटतं, सावकार तळं सोडून जातो, आणि आमचं रान तर त्या तळ्याखालीच आहे. सगळं उत्तम, असं लिहा. मात्र आत्ताच लिहू नका.

ता. क. ३. तपासणी करत राहा. सोमवारी या. तुमची गाडी दिसली की शेड उघडतं आणि अंजूला जाकीट मिळतं. मंगळवारी काहीतरी बघायचं राहिलं म्हणून या. बुधवारी चष्मा विसरला म्हणून या. माझा हात जुळेपर्यंत तुमची तपासणी संपू देऊ नका. एखाद्या दिवशी कंबर दुखली तर नुसता ड्रायव्हर पाठवा, सावकार गाडी बघतो, आत कोण आहे ते बघत न्हाई. फक्त कलबुर्गीहून अंधारातच निघा. तराफा उजाडताच सुटतो.