पानवेलीचं पांघरूण

९ जानेवारी, आंधळगाव

सुमनची पानवेल काळी पडली. थंडीसाठी रात्री पांघरलेलं प्लास्टिक सकाळी काढलं तेव्हा दिसलं, आणि दिवसभर तेच डोळ्यांपुढे. प्लास्टिक जिथे जिथे पानांना टेकलं होतं, तिथली पानं उकडल्यासारखी लोंबत होती.

शेजारच्या कमलाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊजी, पलास्टिक काहून टाकलं? धानाची तणस बांधाची होती ना. आमच्या गाईले पुरून उरली असती." आणि वर, "पेपरात तर शेतकऱ्याईले सल्ले देता तुमी."

मी हसलो. तणस, म्हणजे भाताच्या पेंढ्याची रास, त्यांच्या अंगणात समोरच रचलेली होती. मागायचं सुचलं नाही. संध्याकाळी आणून बुडाशी बांधली. आता काय उपयोग? नखानं खोड खरवडून पाहिलं. आत हिरवं, म्हणजे जिवंत वाटलं, पण तोवर अंधारून आलं होतं.

सुमन उपचारांसाठी नागपूरला, आमच्या मुलीकडे. जाताना ऑटोत बसल्यावरही वेलीकडेच पाहत होती.

आत्ताच तिचा फोन येऊन गेला. पहिला प्रश्न तोच. "हिव लय पडून राहिलं म्हणतेत. वेलीले पांघरलं का?"

"पांघरलं." हे खोटं नाही.

"अन् पानं?"

"वेल बरी आहे."

मग मी विचारलं, आज डॉक्टर काय म्हणाले?

"मी बरी आहो," ती म्हणाली. अगदी मी म्हणालो होतो त्याच आवाजात.